कोड अठ्ठ्याण्णव

पूर्ण फॉर्मचे पंच्याऐंशी रुपये.
अर्धवट राहिला तर काहीच नाही.

प्रश्न छापलाय तसाच वाचायचा,
भुवई उचलायची नाही, मान हलवायची नाही,
समोरचा अडला तर सुचवायचं नाही —
वाशीच्या एका थंडगार खोलीत
माझ्या मुलीहून लहान पोरीनं हे शिकवलं.
मी बावन्न वर्षांचा.
ठाणे-बेलापूर रोडला रंगाच्या कंपनीत एकोणीस वर्षं,
कुलूप लागलं त्या दिवसापर्यंत.
भुवया आवरणं मला नवीन नाही.

गल्लीत शिरायचं. दर पाचवं दार.

कोपरखैरणे. माथाडींच्या बैठ्या घरांवर
आता तीन-तीन मजले आणि भाडेकरू.
देश योग्य दिशेनं चाललाय, की चुकीच्या?
दत्तू शेडगे जिन्यातच बसलेले,
कांदा-बटाटा मार्केटात पाठ झिजवून.
"दिशा ड्रायव्हरला इचारा. मी गोणी बघतो.
जड झालीया."
जडसाठी कोड नाही. मी अठ्ठ्याण्णव दाबला:
सांगता येत नाही.

घणसोली गाव.
चांगुणाबाई मढवी कोळंबी सोलत होत्या,
हात थांबले नाहीत.
पाच वर्षांपूर्वीपेक्षा राहणीमान सुधारलं,
तसंच आहे, की खालावलं?
"पाचच वर्सां? पन्नास इचार ना.
आमचे शेतावर आता काचंची बिल्डिंग हाय.
माजा नातू तिचेच गेटावर उभा रेतं,
इस्त्रीचा शर्ट घालून.
आता तूच सांग, सुधारला का खालावला?"
मला सांगायची परवानगी नव्हती.
निघताना त्यांनी मूठभर कोळंबी पिशवीत बांधून दिली.
भेटवस्तू घ्यायची नाही, हेही ट्रेनिंगमध्ये होतं.

ऐरोली, चौदावा मजला.
जाळीच्या दारामागून एक गृहस्थ खणखणीत आवाजात,
"अर्थव्यवस्था? पाचपैकी पाच. लिहा."
सगळ्याला पाच. आतून बायकोनं चहा विचारला.
मग लिफ्टपर्यंत सोडायला आले, चप्पल न घालता,
"नाव कुठे जात नाही ना?
मार्चपासून नोकरी नाही मला.
घरात वाटतं, लॅपटॉपवर काम चाललंय."
मी स्क्रीन पुन्हा उघडली.
"नको, नको. पाचच राहू दे."

दिघ्याला एक मुलगी वीस लिटरचे कॅन
सायकलला दोन्ही बाजूंनी बांधत होती.
"काय विचारताय? मला विचारा."
वय अठरा पूर्ण?
"नोव्हेंबरमध्ये."
मग नाही चालणार, बाळा.
दिवसभरात तीच एक, जिला बोलायचं होतं.
तिनं टॅब्लेट उलट्या बाजूनं वाचला
आणि कॅन आवळता आवळता उत्तरं देत गेली,
पाणी, कॉलेजची फी, नगरसेवक, रात्रीचे दिवे,
एकदाही न अडखळता.
मी ऐकलं. नोंदवलं नाही.

शेवटचं दार तुर्भे स्टोअरला.
प्रश्न सात: गेल्या वर्षभरात घरखर्चासाठी
काही विकावं किंवा गहाण ठेवावं लागलं का?
रत्नप्रभाताईंचा हात कानाच्या पाळीकडे गेला,
तिथे नुसतं भोक, कडूनिंबाची काडी घातलेली.
उठल्या. गॅस बारीक केला.
पोराला उगीच ओरडल्या, पाय पसरून बसू नको म्हणून.
परत येऊन बसल्या.
बाहेर टेम्पो मागे घेताना वाजतो तो आवाज
बराच वेळ वाजत राहिला.
"नाही लिहा," म्हणाल्या.
मी नाही लिहिलं.

संध्याकाळी सुपरवायझर फोनवर:
"अठ्ठ्याण्णव फार झालेत तुमचे. लोकांना मत असतंच हो,
काढून घेता आलं पाहिजे.
आणि हे काय, तुर्भ्याचा फॉर्म,
प्रश्न सातला चार मिनिटं अकरा सेकंद?
टॅब्लेटमध्ये सगळं दिसतं.
झोप लागली होती का?"

हो म्हणालो.
त्या फॉर्मचे पैसे कापू नका एवढं सांगितलं,
तो पूर्ण आहे.
मग पिशवीतली कोळंबी आठवली, दिवसभर उन्हात राहिलेली.
वास येत होता.