पुठ्ठा

रविवारी गुडलक चौकात आम्ही अकरा जण उभे होतो,
बैलाच्या पाठीवरचे वळ छापलेला पुठ्ठा माझ्या हातात.
सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्यानं विचारलं,
"काका, मटण खाता का?"
म्हटलं, सोडलंय.
डॉक्टरांनी सोडायला लावलं, हे सांगितलं नाही.

सोमवारी पहाटे ओट्याखालून आवाज आला.
कागद फाडावा तसा, पण थांबून थांबून.

हा दुसरा पुठ्ठा.
बोहरी आळीतून मीच आणलेला, पन्नासला दोन.
गुंडाळून देताना मुर्तझाभाई म्हणाले होते,
"रक्त नाही, वास नाही, बघायचीही गरज नाही.
घडी घाला, टाकून द्या."
मी सुट्टे मोजून घेतले होते.

चारी पाय, शेपटी, एका बाजूचा गाल
डिंकात.
दुसऱ्या बाजूचा डोळा मोकळा होता,
आणि तो माझ्यावर होता.

मालिनी उठून आली. म्हणाली,
"गॅसची नळी यानंच कुरतडलीय, विसरलात?"
विसरलो नव्हतो.
उंदीर पाळू या, असं काही मी म्हणत नव्हतो.
काय म्हणत होतो, ते मलाही धड मांडता येईना.
एवढंच, की मारणं एक
आणि मरायला लावून देऊन आपण झोपायला जाणं
वेगळं.

वाटीभर गोडेतेल, कापसाचा बोळा.
पाऊण तास लागला चार पायांना.
मधेच कडकडून चावला.
त्याच्या जागी मीही चावलो असतो.
पोटाची लव मात्र सुटली नाही,
पुठ्ठ्यावर तिचा उंदराएवढा ठसा राहिला.

बुटांच्या खोक्यात घालून तळजईला नेला.
फिरायला आलेल्या एकांनी कौतुकानं विचारलं, "पिल्लू का?"
मी हो म्हणालो.

खोकं आडवं केलं तरी तो लगेच निघेना.
मग निघाला, तेलकट, एक पाय ओढत.
वर घारी होत्या.
घारींना मी काय सांगणार.

जोडीतला दुसरा अजून माळ्यावर आहे, वेष्टनासकट.
टाकावा, तर कचरा वेगळा करणाऱ्या अनुसयाबाईंच्या हाताला चिकटेल.
परत करावा, तर मुर्तझाभाई तो दुसऱ्या कुणाला देतील,
दोन रुपये कमी करून.

येत्या रविवारी पुन्हा चौकात जायचंय.
अंगठा सुजलाय,
बैलाचा पुठ्ठा धरताना दुखेल.