वाळूची शेड

मदिनत झायेदच्या बाजारात, सलूनला लागून
रंगाचं दुकान आहे, तिथं मी यंत्रावर असतो.
भिंतीवर दीड हजार शेडांचं कार्ड.
गिऱ्हाईक येतं, सगळं चाळतं,
जांभळ्यावरून बोट फिरवतं, मोरपिशीपाशी घुटमळतं
आणि शेवटी नेतं वाळूच.
बारा वर्षं मी इथं वाळू ढवळतोय:
पांढऱ्या बादलीत पिवळ्याचे नऊ थेंब,
तांबड्याचे दोन,
काळ्याचा अर्धा.
काळा हात राखून टाकावा लागतो,
पडला की परत काढता येत नाही.

शुक्रवारी कॅमेरा घेऊन लिव्याकडे जातो.
दुपारी तिथं रंग नसतोच.
आभाळ पांढरं, वाळू पांढरी,
मधली रेघ कुणीतरी पुसलेली.
रंग येतो साडेपाचनंतर, आणि येतो तो
लग्नात उशिरा पोचलेल्या मामासारखा,
सगळ्यांना मोठमोठ्यानं हाका मारत.
टेकड्या नारिंगी, त्यांच्या सावल्या चक्क निळ्या,
खाली सबख्यातलं मीठ गुलाबी पडतं.
मला तो गलका झेपत नाही.
म्हणून कॅमेरा काळ्यापांढऱ्यावर ठेवलेला.
त्यात टेकडी नुसती टेकडी असते:
एक धार,
अलीकडे उजेड, पलीकडे नाही.
हिशेब मिटला.

त्या दिवशी मोरीबच्या रस्त्यावर
वाऱ्यानं डांबरावर आणून टाकलेली वाळू
एक माणूस फावड्यानं टेकडीला परत देत होता.
अंगात हिरवी डांगरी, तोंडाला फडकं.
मी लांबून फोटो घेतला, मग जवळ जाऊन पाणी दिलं.
पोशन्ना. बोधनकडचा.
मराठी कुठली, तर धर्माबादच्या मिरची बाजारात
पाच हंगाम पोती वाहिलेली.
"तिकडं नुस्तं लाल," म्हणाला, "डोळे मिटले तरी लाल.
रंगाचाच ठसका लागायचा."

मग म्हणाला, दाखवा की.
उरलेल्या पाण्यानं त्यानं बोट धुतलं,
डांगरीला पुसलं,
पडद्यावर डावीकडून उजवीकडे नेलं,
परत आणलं.
"मी कुठाय?"

खरंच नव्हता.
त्याचा हिरवा आणि वाळूचा नारिंगी
एकाच करड्याचे निघाले होते.
अर्ध्या थेंबाचा फरक ओळखणारा मी,
मला ते दिसलं नव्हतं.
सावली होती त्याची, लांब, स्वच्छ.
ती मी झुडपाची समजलो होतो.

रात्री खोलीवर संगणकात उघडला.
खाली रंग तसेच होते;
कॅमेरा काही फेकत नाही, झाकून ठेवतो.
रंग वर आणले, तर फोटो कॅलेंडरावरचा झाला,
आणि त्या सगळ्या गुलाबीत एक हिरवा दाणा.
डोळा तिथून हलेना.
एवढी थोरली टेकडी, ती त्याच्या मागचा पडदा झाली.
मग काळ्यापांढऱ्यातच
हिरव्याचा काटा डावीकडे ओढून पाहिला.
उमटला पोशन्ना, पण काजळाचा ठिपका,
काचेवर माशी बसावी तसा.
काटा होता तिथं आणून ठेवला.

रंगीत त्याला पाठवला.
दोन निळ्या खुणा. अंगठा.
बऱ्याच वेळानं आणखी एक ओळ:
पोरगी विचारती, ती सगळी वाळू तुम्हालाच काढायची का.
याला काय लिहायचं, मला सुचलं नाही.

दुसरा दुकानात लावलाय, यंत्राच्या वर.
लोक बघतात. किती शांत, म्हणतात,
कुणी कुणीच नाही.
मी हो म्हणतो, झाकण ठोकून बादली यंत्रात ठेवतो.

धार जिथं उतरते, त्या झुडपाच्या डाव्या अंगाला
काचेवर एक डाग पडलाय.
दर शनिवारी मी काच पुसतो.
पुसून झाली
की बोट तिथंच जातं.