उजवा मागचा पाय

तीन पाय देते. चौथा देत नाही.
उजवा, मागचा.

न्ताते सेआबाता म्हणाले, दोर लाव,
खांबावरून घे, ओढ, दोन दिवसांत सरळ येईल.
त्यांच्याकडे सहा घोडी, सहाही सरळ.
त्यांची चाहूल लागली की सहाही कान मागे पाडतात.

मी दोर घेतला, घरी आणला,
त्यावर कांबळी वाळत घातली.

पहिला आठवडा नुसता खरारा.
मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर,
आणि मांडीपाशी कातडी थरथरली,
माशी बसावी तशी, माशी नसताना.
तिथं हात दाबायचा नाही, उचलायचाही नाही.
असू द्यायचा, दुधावर झाकण असावं तसा,
थरथर विरेपर्यंत.
आधी काढला तर ती शिकते, थरथरलं की माणूस जातो.
उशिरा काढला तर शिकते, थरथरून उपयोग नाही.
या दोन्हींच्या मध्ये बोटभर जागा आहे.
कधी सापडायची. कधी नाही.

जून लागला. सेमोंकोंगच्या वरच्या अंगाला बादल्या गोठल्या.
बर्फ फुटल्याच्या आवाजानं ती म्होरकी तोडायला बघायची,
म्हणून मी घराआड जाऊन फोडत असे.
मग कोपऱ्यावर.
मग तिच्या देखत, लांबून.
जुलैत ती स्वतःच तोंड पुढे करून उभी,
फोड लवकर, तहान लागलीय.

जंतांच्या औषधाची पिचकारी पाहिली की मान आभाळात.
तेव्हा रिकाम्या पिचकारीत काकवी भरली.
नऊ सकाळी काकवी, दहाव्या सकाळी औषध,
अकराव्या सकाळी पुन्हा काकवी.
दहाव्या सकाळी तिनं माझ्याकडे कसं पाहिलं
ते मी कुणाला सांगितलं नाही.
अकराव्या सकाळी ती आली,
हे मात्र दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं.

धाकटा मोत्लात्सी विचारतो,
एक पाय उचलायला इतके दिवस?
म्हटलं, लस टोचायला तुला पलंगाखालून काढलं
तेव्हा किती जण लागले होते, आठवतं?
तो म्हणाला, चार.
मग स्वतःच गप्प झाला.

एकदा मीच चुकले.
वरच्या वस्तीत बाळंतीण अडलेली, अंधारून आलेलं,
खुरात खडा असेल म्हणून विचारलंच नाही,
घाईनं पाय धरला.
तिनं मला नाही मारलं. पेटीला मारलं.
आयोडीनच्या दोन बाटल्या, थर्मामीटर,
दगडांवर तपकिरी ओघळ.
मी ओरडले. नको ते बोलले.
मग तिला तिथंच ठेवून पायीच निघाले,
आणि चढावर मागून टापा ऐकू आल्या,
लगाम जमिनीवर घासत.
बाळ मध्यरात्री झालं. मुलगी.
ती दारात उभी, पाठीवर बर्फ, बांधलेली नाही.

खडा नव्हताच.

ऑगस्टच्या वाऱ्यात, धुळीत,
मी मांडीवरून हात खाली आणला, गुडघ्यामागून घोट्यापर्यंत,
आणि पाय आला.
हलका. जणू कधी अडलाच नव्हता.
घोट्याभोवती केस नसलेलं एक वळं, जुनं, दोराएवढं.
मी तीन आकडे मोजले
आणि तिनं ओढायच्या आत खाली ठेवला.
सोडला नाही. ठेवला.

दुसऱ्या दिवशी दिला नाही.
तिसऱ्या दिवशी मी मागितला नाही.

आज पुढचा डावा खूर साफ करून
पाठ सरळ करायला उभी राहिले, वळून पाहते तर
उजवा मागचा टोकावर टेकवलेला,
त्यावरचं वजन काढून घेतलेलं.

कुंपणापलीकडून न्ताते सेआबाता म्हणाले,
काही नाही, आराम करतेय.

असेल.
मी खुरखणी धुतली, पुसली,
आणि जराही घाई न करता
त्या बाजूला गेले.