पोस्टाचा डिंक

चाळीस वर्षं मी गावाला पत्रं वाचून दाखवली.
आंधळ्या सरूबाईपुढे मुलाचं पत्र धरून
कोणती ओळ गिळायची,
हे पोस्टाने शिकवलं नाही,
जिभेलाच कळत गेलं.

रिटायर झालो, तर मारुतीच्या देवळात
श्रावणाची पोथी मांडीवर दिली.
म्हणाले, मास्तर सोच्छ वाचते.

नवव्या अध्यायात एक पान आहे.
नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईला
कोणत्या कुंडात, किती हजार वर्षं,
सगळा हिशेब, मनिऑर्डरच्या फॉर्मसारखा.
आणि कौतिका रोज खांबाला टेकून वाती वळत बसते,
शाळेची खिचडी शिजवून आलेली,
बोटं हळदीने पिवळी.
नेरहून परत आली त्या रात्री
तिची पाठ तिच्या मायनं मला दाखवली होती,
कारण ठाण्याचा अर्ज मीच लिहिला.

पान लिहिणाऱ्याला कौतिका माहीत नव्हती.
मला होती.
आदल्या रात्री पोस्टातल्या डिंकाची बाटली काढली
आणि दोन पानं एकमेकांना लावून टाकली.

पुढच्या श्रावणात माझा मोतीबिंदू.
वाचायला उकंडरावाचा नातू बसला.
पान उघडेना. नख लावलं, कोपरा फाटला.
"दारव्ह्याच्या मुनाफनं बांधली ना पोथी?
मुद्दाम केलं त्यानं. ते लोक असेच राह्यतेत."
"पण माणूस त बरा हाये थो."
"बराच वाटते. थेच त."
दोन पानांच्या मधे
मुनाफ आख्ख्या मोहल्ल्यासकट बसवला गेला.

मी पारावर होतो, डोळ्यावर हिरवी पट्टी.
एक डोळा उघडा होता.
कौतिका माझ्याकडे बघत होती की वातींकडे,
दिसलं नाही, असं म्हणायची सोय होती.

दोन महिन्यांनी पोथी पिशवीत घालून दारव्ह्याला गेलो.
एसटी स्टँडमागचं दुकान.
मुनाफने पान नाकाशी नेलं.
"हा माह्या हातचा नाही, मास्तर.
मी मैद्याची खळ लावतो, मोरचूद टाकून. कसर लागत नाही.
याले त पोस्टाचा वास येते."
वाटलं, हसेल. हसला नाही.
चहाची किटली जवळ ओढली.
"वाफेवर धरलं का सुटते, पाकिटासारखं.
सोडू?"

आत कौतिकाचा नरक,
वर मुनाफचं नाव.
मी म्हणालो, राहू द्या.
मग म्हणालो, सोडा.
मग म्हणालो, आधी चहा पिऊ.
त्याने दोन कप मांडले,
गावात काय बोललं जातं ते त्याला ठाऊक होतं,
साखर मात्र विचारून घातली.

पोथी पुन्हा माझ्या मांडीवर आहे.
उद्या नववा अध्याय.
डोळा आता लख्ख दिसतो.
वाचायच्या आधी गावाला दोन शब्द सांगायचे आहेत,
त्यातला पहिला
अजून सापडलेला नाही.