पुढील मजकूर पान पाचवर

रात्रीचे साडेदहा. पणजीत, मळ्यातल्या आमच्या कचेरीत
पंखा एकच, तोही केंकऱ्यांच्या डोक्यावर.
सर्वेश माजिकने वाळपईहून बातमी धाडली आहे,
फोनवर टाइप करून, एकही वेलांटी जागेवर नाही:
'आंबेखोल येथे आज सकाळी महिलांच्या जमावाने
खनिजाचे ट्रक रोखून धरले.'

वेलांट्या मी सरळ केल्या.
जमावापाशी कर्सर थांबला
आणि लुकलुकत राहिला.

जमाव हा शब्द पोलीस ठाण्यातून येतो.
त्याच्या आधी बेकायदा येतो, मागून लाठी.
सर्वेशचा नाही तो. पत्रकातून उचललेला,
मी पैज लावते.

घोळका? तो मुलांचा, शाळा सुटल्यावर, चिंचेखाली.
टोळकं म्हटलं की नाक्यावरच्या शिट्ट्या ऐकू येतात.
जथा चालत निघतो. या तर बसल्या होत्या,
सकाळी सहापासून, गोणपाटावर, पाय पसरून.
आणि ताफा म्हणावं, तर तो
समोरच्या बाजूला होता, इंजिनं चालू ठेवून.

माझी आई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसायची.
एक इयत्ताही न शिकता तिने मला हे शिकवलं:
मिरच्यांची माळ, सुक्या बांगड्यांची गाथण,
केळ्यांचा घड, आणि त्यातून तोडून दिली ती फणी.
फणीला घड म्हणून विकलंस
तर पुढच्या शुक्रवारी तोंड कुठे लपवशील?
एकदा मी तिच्या सुकटीला ढीग म्हणाले.
तिने हातातला तांब्या खाली ठेवला.
"ढीग केराचा. हा वाटा.
वाटा म्हटलं की तो कुणाचा तरी असतो."

सर्वेशला फोन लावला. किती होत्या रे?
"तेवीस. मी मोजल्या. लाडू गावस धरून.
तिला ब्याऐंशी वर्षं, तेवढी खुर्चीवर."
आणि करत काय होत्या?
"करणार काय? तांदूळ निवडत होत्या."

ट्रकाच्या दिव्यांसमोर सूप धरून
खडे बाजूला काढत.

मग मला वांगड आठवला.
गावकरीतला शब्द. बारा वांगड, दहा वांगड,
देवळाच्या पायरीपासून बांधापर्यंत त्यांचा मान.
पुण्याच्या कोशात असेल नसेल,
इथे कुणालाही विचारा.
लिहिलासुद्धा होता.
पण वांगडात नावं पुरुषांची लागतात.
बायका त्यात लग्न करून येतात
आणि मोजल्या न जाताच मरतात.
खोडला.

"बाई, अकराला पान सोडायचंय," केंकरे म्हणाले.
"समानार्थी शब्दच हवा ना? समुदाय टाका."
समुदाय. इस्त्री केलेला, घामाचा वास नसलेला.
त्याच्या आत कुणीही बसलेलं असेल,
किंवा कुणीच नसेल.
"समानार्थी नाहीत हो ते," मी म्हणाले,
"एका जागेसाठी भांडतात म्हणून
सख्खे थोडेच होतात?"
पण त्यांचा फोन वाजू लागला होता.

शेवटी मी आकडा घातला,
आणि त्याच्यामागे तो घरातला शब्द,
जेवायला किती, नदीवर किती गेल्यात,
परतल्या का सगळ्या, असं विचारलं की
तोंडात येतो तो:
'आंबेखोलच्या तेवीस जणींनी ट्रक रोखले.'

सकाळी अंक उघडला.
पहिल्या पानावर माझं वाक्य, जसंच्या तसं.
खाली बारीक अक्षरांत: पुढील मजकूर पान पाचवर.
पान पाचवर, माझ्या नजरेतून सुटलेल्या
चार ओळींच्या शेवटी:
'दुपारी दोननंतर जमाव पांगला.'

चहा गार होऊ दिला.
सर्वेशचा संदेश आला, नेहमीसारखा, वेलांट्या सांडत:
लाडूआजी विचारते, तेवीस कशा?
तिची सून मागे चुलीपाशी होती,
सगळ्यांची पेज शिजवत.
चोवीस.