सभासदाचं पान

निपाणीत, तंबाखूच्या जुन्या वखारीच्या माडीवर
बिडी वळणाऱ्या बायकांच्या पतसंस्थेची कचेरी.
खाली आता सिमेंटची पोती असतात,
तरी शिंक येते ती तंबाखूचीच.

मला दिलेलं काम :
सहाशे अकरा बायका, प्रत्येकीचं एक पान.
साचा आयता मिळाला, कुठल्या लांबच्या मुलखातला.
वर निळी पट्टी, फोटोला गोल खिडकी,
आणि खाली रकाने :
हुद्दा. छंद. आवडता प्रवास. स्वतःविषयी थोडक्यात.

पहिल्या आल्या जैतुनबी मकानदार.
छंद काय, विचारलं.
“हजार वळून झाल्या की हात धुतो बघ
त्यो वास जाईपतोर. जाईत न्हाई.
त्यो लिव्ह.”

मी छंद काढला.
प्रवास काढला.
हुद्दा ठेवला, फक्त नाव बदललं : दिवसाला किती.
नऊशे. सातशे. हजार.
“आठशे, पन डोळं गेल्यापासनं चारशे.”
रकाना नुसते अंक घ्यायचा.
‘पन’ हा अंक नव्हे, म्हणून लाल व्हायचा.
त्याला ‘पन’ घ्यायला शिकवण्यात
माझी अख्खी दुपार गेली.

यल्लव्वा मादरनं फोटो दिला सुपाचा.
सुपात पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ.
सेक्रेटरी म्हणाले, ओळख पटायला हवी.
“पटती की. डाव्या कडंला तारेनं शिवलंय,
गल्लीत कोनालाबी इचारा.”
गोलात सुपाची नेमकी ती कड कापली जात होती.
मी खिडकी चौकोनी केली.

तालुका : जुन्या वह्यांत चिकोडी, नव्यात निपाणी.
दोन्ही चालतील असं केलं.

मातृभाषा : एकच निवडा.
शेजारी तांबडी चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही.
पद्मव्वा चौगुले बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
“आईसंगं कन्नड. नवऱ्यासंगं मराठी.
म्हशीसंगं दोन्ही.”
याच गावात वाढले मी.
पाट्यांना काळं फासलेलं पाहिलं, त्या पुन्हा रंगवलेल्या पाहिल्या,
बंदच्या दिवशी शाळा नाही म्हणून चिंचेखाली खेळले.
पण त्या चांदणीवर बोट ठेवून
इतका वेळ कधी बसले नव्हते.
मग काढली.
एकच निवडाच्या जागी लिहिलं, हव्या तेवढ्या.
पद्मव्वानं दोन्हींना खूण केली, आणि विचारलं,
“म्हशीचं कुटं लिव्हायचं?”

शेवंता बोरगावे आली संध्याकाळी,
दारातच चप्पल काढून, कोणी सांगितलं नसताना.
नाव?
“कुटलं?”
मी वर पाहिलं.
“शेवंता हितलं. लग्नात तांदळात लिव्हलं त्ये.
त्याआदी मी रतन होतो.”
रकाना नव्हता तसा. तिथल्या तिथे केला :
आधीचं नाव.
आता हे कोणाला दिसावं ते ठरवायचं, मी म्हटलं.
सगळ्यांना. फक्त सभासदांना. फक्त मला.
“फक्त मला,” ती लगेच म्हणाली,
दराची घासाघीस करायला सवड नसल्यासारखी.
वाचता येत नाही तिला.
तेही मला तेव्हाच कळलं, अंगठा पुढे आला तेव्हा.

मी पान जतन केलं.
ती उठली नाही.
“आनि तुला? तुला दिसतं न्हवं?”

दिसतं. मला सगळंच दिसतं.
खोटं बोलता आलं असतं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली,
पानात तंबाखू घालून वळावं तसं, घट्ट.
“मंग एकदा हाक मार की.”

खाली लॉरीतून पोती उतरत होती.
हमालांची गडबड थांबेपर्यंत थांबले,
मग मारली.

‘ओ’ द्यायला तिला जरा वेळ लागला.