खंदकाचं रजिस्टर

मे महिना. किल्ल्याचा खंदक उपसायला घेतला,
पंप रात्रभर धडधडायचा, बेडूक गप्प.
माझ्याकडे एक रजिस्टर, दोरीला बांधलेलं पेन
आणि पाच रकाने :
तारीख, वस्तू, वजन, खोली, कुणाचं.

पहिल्याच दिवशी दगडी गोळा.
भरमा कोलकारानं तो पोटाशी धरून वर आणला,
अडलेल्या म्हशीचं रेडकू आणावं तसा.
भंगारवाल्याच्या काट्यावर बावीस किलो भरला.
कुणाचं?
आतून बाहेर मारलेला, की बाहेरून आत?
चिखलात पडल्यावर कसं सांगायचं?
पेन्सिलीनं लिहिलं, आदिलशाही.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग दोन्ही खोडलं.

शिशाच्या गोळ्या निघाल्या बोरांएवढ्या, दीड शेर.
कंपनी सरकारचा वेढा एकवीस दिवस होता म्हणे.
एकवीस दिवस आत कुणीतरी भाकऱ्या थापल्याच असतील,
आणि पिठात चुना पडला म्हणून
तोफेला नाही,
सुनेला बोलणी बसली असतील.
दरवाज्याजवळ पंक्चर काढणारा इस्माईल किल्लेदार
गोळ्या तळहातावर खेळवत म्हणाला,
"आडनावात किल्ला आहे गा,
घर मात्र भाड्याचं."

तिसऱ्या आठवड्यात पितळी बटण, पलटणीचं.
हे मी थुंकी लावून पुसलं.
पणजोबा इथंच भरती झाले, छाती दोन बोटं कमी होती,
श्वास धरून मापात बसले.
बोटीनं गेले खजुरांच्या मुलखात, परत आलं
एक पाकीट, त्यात चार ओळी.
आमच्या घरात हिवतापाला अजून बसरा म्हणतात.
"पोराला बसरा भरलाय, गोधडी घाल."
कुणाचं, या रकान्यात
मी नाव लिहिणार होतो. बटणावर नंबर नव्हता.

मग एक पत्र्याची पाटी, उताणी, शेवाळलेली.
कुठल्या तरी रस्त्यावरून उपटून
रात्रीची कुणी आणून टाकली असणार.
माझा चुलता असल्याच एका पाटीपायी
हिंडलग्याच्या तुरुंगात एकोणीस दिवस होता,
बाहेर आला तेव्हा त्याला
तिथल्या वॉर्डरनं शिकवलेली कानडी शिवी येत होती,
तीच आयुष्यभर लाडानं बैलाला द्यायचा.
पाटी धुतली. गावाचं नाव गंजानं खाल्लेलं,
कुठल्या लिपीत होतं तेही कळेना.
खाली एवढंच शाबूत : ३ कि.मी.

साहेब गदगचे. माणूस बरा, बीपीच्या गोळ्या खिशात.
शेवटचा रकाना कोरा बघून तापले.
टोपली उतरवणाऱ्या शिद्दव्वाकडे बोट करून म्हणाले,
हिला तरी विचारायचं. यारदु?
तिनं घाम पुसला, पाटीकडे बघितलं, गोळ्याकडे बघितलं,
"गोत्तिल्लरी."
मी तेच लिहिलं. एकशे चौदा नोंदींपुढे
देवनागरीत, वळणदार : गोत्तिल्ल.
साहेब बराच वेळ बघत राहिले.
हे मराठी समजायचं की कन्नड?
वर पाठवलं तर दोन्हीकडून नोटीस येईल.
गोळी घेतली, पाणी प्यायले,
आणि खाली सही ठोकली.

शेवटच्या दिवशी, बुरुजाच्या पायाशी, एक वरवंटा.
मधोमध झिजलेला, दोन्ही टोकांना
तळव्यांचे खळगे.
मी काटा आणायला वळलो तोवर
शिद्दव्वानं तो पदरानं पुसून हातात धरला.
खळगे तिच्या तळव्यांना बसले.
"इदु नंदु," म्हणाली.
कुणीच काही बोललं नाही, भरमासुद्धा.
ही वस्तू रजिस्टरात नाही.

दुसऱ्या दिवशी पंप बंद, मजुरीची पाकिटं वाटली.
तिनं सगळ्यांना भाकरीवर चटणी वाढली,
हिरव्या मिरचीची, लसूण भरपूर.
दाताखाली कणभर काहीतरी कचकचलं.
गिळलं.